एका प्राण्यासाठी एक महिना: मुलांसोबत जगातील संकटग्रस्त वन्यजीवांचा अभ्यास कसा करावा

संकटग्रस्त प्राणी हा विषय शाळेत बहुधा तक्त्यापुरता उरतो. पांडा, गेंडा, हिमबिबट्या, देवमासा यांची चित्रे चिकटवली जातात, खाली ठळक अक्षरांत 'वन्यजीव वाचवा' असे लिहिले जाते आणि गुण मिळाले की तक्ता कपाटावर जातो. पांडाचे नेमके काय बिघडले होते असे मुलाला विचारले, तर 'जंगलतोड झाली' एवढे उत्तर मिळते. तेच उत्तर ते गेंड्यासाठी देते आणि बेधडक देवमाशासाठीही देते. दोष मुलाचा नाही. त्याला वीस प्राण्यांची नावे दिलेली असतात, एकाचीही हकीकत सांगितलेली नसते.

म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत अगदी उलट्या बाजूने जाते. एका महिन्यात एकच प्राणी घ्यावा आणि त्याच्याविषयी पाच प्रश्नांचा छडा लावावा: तो कुठे राहतो, कसा जगतो, किती उरला आहे आणि ते कोणी कसे मोजले, कशामुळे घटला, आणि त्याच्यासाठी आज कोण काय करत आहे. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना हे सहज जमते. आठवड्यातून दीड तास पुरतो. घरातील एकटे मूल, सोसायटीतील पाच-सहा मुले किंवा शाळेचे निसर्गमंडळ, कोणासोबतही हा उपक्रम करता येतो. मात्र दहापेक्षा जास्त मुले असतील, तर त्यांचे दोन गट करावेत, नाहीतर दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकत बसतात.

पायरी १: सामानाची जुळवाजुळव

फार काही लागत नाही. भिंतीवर लावता येईल असा जगाचा मोठा नकाशा, टाचण्या, लाल दोरा, मोजपट्टी, स्वयंपाकघरातील वजनकाटा, जाड नोंदवही आणि किलोभर चिंचोके. चिंचोक्यांचे काम पुढे दोनदा पडणार आहे. नोंदवही मात्र चांगली घ्यावी, कारण ती वर्षभर वापरायची आहे आणि मुले ती पुन्हा पुन्हा उघडून पाहतात. तिच्यात पहिल्या दिवसापासून एक नियम पाळावा: कोणतीही संख्या लिहिताना तिच्याशेजारी वर्ष आणि ती कुठून मिळाली हे लिहायचेच. संगणकाने बनवलेली खोटी छायाचित्रे आणि 'जगातील शेवटचा अमुक' अशा मथळ्यांच्या चित्रफिती आता इतक्या फिरतात, की ही सवय प्राण्यांच्या पलीकडेही मुलांच्या उपयोगी पडेल.

पायरी २: प्राण्यांची निवड

पहिल्या महिन्यात वाघ किंवा पांडा घेऊ नये. मुलांना त्यांच्याविषयी सगळे ठाऊक असल्यासारखे वाटते आणि कुतूहल जागे होत नाही. वर्षभराची यादी करताना चार प्रकारांचे मिश्रण साधावे. एखादा प्राणी अगदी कड्याच्या टोकावर उभा असलेला, एखादा विनाशातून परत आलेला, एखादा दिसायला मुळीच गोंडस नसलेला, आणि एखादा आपल्याच परिसरातला. न्यूझीलंडचा काकापो पोपट, मेक्सिकोच्या समुद्रातील डॉल्फिनसारखा छोटा वाकिटा, कझाकस्तानचा सायगा हा हरणासारखा प्राणी, स्पेन व पोर्तुगालमधील आयबेरियन लिंक्स हे रानमांजर, मध्य आफ्रिकेतील पर्वतीय गोरिला, अरबस्तानातील ओरिक्स हा लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, आणि आपल्याकडील गिधाड, माळढोक व समुद्री कासव ही नऊ नावे माझ्या मते उत्तम सुरुवात ठरतात. उरलेले महिने परीक्षा, सण आणि मुलांच्या स्वतःच्या निवडीसाठी मोकळे ठेवावेत.

क्रमही विचारपूर्वक ठरवावा. सलग दोन महिने वाईट बातमी देऊ नये. वाकिटानंतर लिंक्स, माळढोकानंतर ओरिक्स असा आलटून-पालटून क्रम लावला, तर मुलांचा उत्साह टिकतो.

पायरी ३: लाल यादी वाचायला शिकवणे

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, म्हणजे आययूसीएन, १९६४ पासून संकटग्रस्त जीवांची लाल यादी ठेवते. तिच्यातील मुख्य पायऱ्या मुलांना क्रमाने समजावून द्याव्यात: चिंता नसलेली, संकटसमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, निसर्गातून नामशेष आणि पूर्णतः नामशेष. याखेरीज 'माहिती अपुरी' असाही एक वर्ग आहे, आणि शास्त्रज्ञही 'आम्हाला सांगता येत नाही' असे लेखी मान्य करतात हे मुलांना आवर्जून दाखवावे.

आता चिंचोके काढावेत. प्रत्येक मुलासमोर शंभर चिंचोके मांडावेत आणि सांगावे की ही दहा वर्षांपूर्वीची संख्या आहे. त्यातले तीस उचलले, तर प्राणी 'असुरक्षित' ठरू शकतो. पन्नास उचलले, तर 'संकटग्रस्त'. ऐंशी उचलले, तर 'अतिसंकटग्रस्त'. दीर्घायुषी प्राण्यांच्या बाबतीत दहा वर्षांऐवजी त्यांच्या तीन पिढ्यांचा काळ धरतात. लाल यादीचा हा एकच निकष नाही. एखाद्या जातीचे प्रौढ जीव पन्नासपेक्षा कमी उरले असतील, तर घट न मोजताही ती 'अतिसंकटग्रस्त' ठरते. तरीही या खेळातून एक मोठा गैरसमज दूर होतो. आफ्रिकेत अजून लाखो हत्ती आहेत, मग ते यादीत कसे, असे मुले हमखास विचारतात. उत्तर समोरच मांडलेले असते. २०२१ मध्ये आफ्रिकी हत्तींच्या दोन जातींचे वेगवेगळे मूल्यमापन झाले, तेव्हा गवताळ प्रदेशातील हत्ती पन्नास वर्षांत किमान ६० टक्क्यांनी आणि जंगली हत्ती ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. म्हणून पहिला 'संकटग्रस्त' आणि दुसरा 'अतिसंकटग्रस्त' ठरला. किती उरले याइतकेच, किती वेगाने गेले यालाही महत्त्व असते.

पायरी ४: पहिला महिना, काकापो

पहिल्या प्राण्यासाठी महिन्याचे चारही आठवडे कसे वापरायचे ते येथे तपशिलाने देतो. पुढच्या प्राण्यांना हाच साचा थोडाफार बदलून लावता येतो.

पहिल्या आठवड्यात नकाशावर न्यूझीलंड शोधावे आणि मुलांना एक माहिती देऊन थांबावे: माणूस पोहोचण्यापूर्वी या बेटांवर वटवाघळांखेरीज जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, उंदीर नाही, कोल्हा नाही. अशा ठिकाणी पक्षी कसे राहत असतील, याचा अंदाज मुलांनाच बांधू द्यावा. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच, 'मग त्यांना उडायची गरजच काय?' काकापो खरोखरच उडत नाही. तो निशाचर आहे, पालापाचोळ्यात बेमालूम मिसळणाऱ्या हिरवट-पिवळ्या रंगाचा आहे आणि जगातील सर्वांत वजनदार पोपट आहे.

दुसरा आठवडा शरीराचा. मोठा नर सुमारे चार किलोपर्यंत भरतो. पिशवीत चार किलो तांदूळ मोजून भरावेत आणि पिशवी मुलाच्या हातात द्यावी, म्हणजे पिंजऱ्यातला पोपट एवढीच ओळख असलेले मूल थबकते. विणीच्या काळात नर जमिनीत उथळ वाडग्यासारखा खळगा करतो आणि त्यात बसून छाती फुगवून घुमतो. तो खर्जातला आवाज अनुकूल हवेत पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. आपल्या घरापासून पाच किलोमीटरवर काय आहे, ते नकाशावर शोधायला सांगावे.

तिसऱ्या आठवड्यात घट कशी झाली ते पाहावे. काकापोचे जुने शत्रू आकाशातले होते. गरुडासारखे शिकारी पक्षी डोळ्यांनी शिकार करतात, त्यामुळे धोका जाणवताच जागच्या जागी गोठून राहणे हा काकापोचा उत्तम बचाव होता. माणसाबरोबर उंदीर, मांजरे आणि मुंगसाच्या चणीचा स्टोट नावाचा शिकारी आला. हे सगळे वासावर शिकार करतात, आणि काकापोच्या अंगाला तर ठळक गंध असतो. लाखो वर्षे जीव वाचवणारी सवयच घातक ठरली. हे नुसते सांगू नये, खेळून घ्यावे: एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, दुसऱ्याच्या हाती कापलेला कांदा देऊन त्याला खोलीत निश्चल उभे करावे आणि पहिल्याने त्याला वासावरून शोधावे.

चौथा आठवडा उपायांचा. १९९५ मध्ये फक्त ५१ काकापो उरले होते. उरलेले पक्षी उचलून फेनुआ हौ या बेटासारख्या, शिकारी प्राण्यांपासून मुक्त केलेल्या बेटांवर नेण्यात आले, प्रत्येकाच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर बसवण्यात आला आणि जवळजवळ प्रत्येकाला नाव मिळाले. हा पक्षी दरवर्षी अंडी घालत नाही. रिमू नावाच्या झाडाला दोन ते चार वर्षांतून एकदा भरघोस फळे येतात, तेव्हाच मुख्यतः वीण होते. तरीही २०२२ मध्ये संख्या २५० च्या वर गेली. येथे मुले एक अवघड प्रश्न विचारतील: बेटावरच्या उंदरांचे आणि स्टोटांचे काय केले? खरे उत्तर द्यावे. त्यांना मारले जाते, आणि २०५० पर्यंत देशातून असे उपद्रवी शिकारी हटवण्याचे न्यूझीलंडचे जाहीर उद्दिष्ट आहे. हे योग्य की अयोग्य, यावर दोन बाजूंनी बोलू द्यावे आणि निकाल देऊ नये. माझ्या मते संपूर्ण महिन्यातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो.

पायरी ५: कारणांची साखळी दोऱ्याने जोडणे

कारणे शिकवताना 'त्याआधी काय झाले?' हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा. प्रत्येक उत्तर वेगळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावे आणि लाल दोऱ्याने मागच्या कागदाला जोडावे.

यासाठी गिधाडाइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारातले एक उरले. शिकार झाली नव्हती, अन्नाचा तुटवडा नव्हता, आणि अनेक वर्षे कारण सापडत नव्हते; कोणी विषाणूवर संशय घेतला, कोणी कीटकनाशकांवर. २००४ मध्ये पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून उलगडा झाला. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक दिले जाई. असे जनावर मेल्यावर गिधाडे ते खात आणि औषधाच्या अंशाने त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. एका मृत जनावरावर गिधाडांचा मोठा थवा जमतो, त्यामुळे औषध दिलेली थोडीच जनावरे पुरेशी ठरली. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून भरपाईही होईना. साखळी मागे जशी नेली तशी पुढेही न्यावी: गिधाडे गेली, मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. मुंबईतील पारशी समाजाला डुंगरवाडीवरील, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या जागेवरील, अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या काचांचा आधार घ्यावा लागला, तो याच साखळीचा एक दुवा आहे.

उपायाची बाजूही दोऱ्यानेच जोडावी. भारताने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली, मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध पुढे आले, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसल्यावर २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणला गेला, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी आली. घरात गुरे असतील, तर मुलांनी औषधाच्या बाटलीवरील नाव वाचून पाहावे. हा अभ्यास गोठ्यापर्यंत जातो.

वाकिटाची साखळी याहून आखूड आणि कठोर आहे. जेमतेम दीड मीटर लांबीचा हा जगातील सर्वांत लहान सागरी सस्तन प्राण्यांपैकी एक. तो फक्त कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला आढळतो. त्याला कोणी पकडत नाही. तोतोआबा नावाच्या माशासाठी पाण्यात पडद्यासारखी उभी लावलेली जाळी त्याला दिसत नाहीत, तो अडकतो आणि श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरतो. तोतोआबाच्या पोटातील हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड किंमत मिळते. पालघरच्या किनाऱ्यावरील घोळ मासा याच कुळातला आहे, आणि त्याचा भोत, म्हणजे तशीच हवेची पिशवी, हाही असाच महागडा विकला जातो, हे कोकणातल्या मुलांना ऐकून माहीत असते. म्हणून मेक्सिकोतील कोळ्यांना खलनायक ठरवण्याची घाई करू नये. एका हंगामाची कमाई एका रात्रीत मिळत असेल, तर माणूस काय करील, हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवावा.

लिंक्सच्या महिन्यात मात्र साखळी दुसरीकडूनच सुरू होते, कारण या रानमांजराचे मुख्य अन्न ससा आहे, आणि सशांमध्ये रोगांच्या साथी पसरल्या तशी लिंक्सची उपासमार झाली. २००१ मध्ये प्रौढ लिंक्स ६२ होते, २०२२ मध्ये ६४८ झाले, आणि २०२४ मध्ये तो 'असुरक्षित' या वर्गापर्यंत वर आला. लिंक्स वाचवायचा म्हणजे ससे वाढवायचे, हे मुले पटकन उचलतात.

पायरी ६: 'कोणी मोजले?'

हा टप्पा बहुतेक पुस्तके गाळतात आणि मुलांना तोच सर्वाधिक आवडतो. मोठ्या पातेल्यात दोन-अडीचशे चिंचोके न मोजता ओतावेत. त्यातले ४० काढून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, वाळल्यावर परत टाकून चांगले ढवळावे. आता न पाहता ५० काढावेत. समजा त्यांत ठिपक्याचे ८ निघाले, तर ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे एकूण अंदाजे २५०. मग सगळे खरोखर मोजावेत. आकडा तंतोतंत जुळणार नाही. प्रयोग चार-पाच वेळा करून दर वेळचा अंदाज लिहावा आणि खरी संख्या त्या अंदाजांच्या आसपास कुठे पडते ते पाहावे. नंतर एखाद्या मुलाला नीट न ढवळता चिंचोके काढू द्यावेत, म्हणजे अंदाज कसा भरकटतो तेही कळते.

वाघांच्या गणनेत ठिपक्याचे काम पट्टे करतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील, छायाचित्रांवरून तोच वाघ पुन्हा आला का हे ओळखता येते. भारतातील २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ अशी मांडणी होती. वर्तमानपत्रांनी मात्र एकच आकडा छापला. मुलांनी आता तो फरक का असतो हे सांगितले पाहिजे. गोरिलांची गोष्ट आणखी रंजक आहे. पर्वतीय गोरिला दररोज संध्याकाळी झोपण्यासाठी नवे घरटे करतात आणि सकाळी त्यात विष्ठा सोडून जातात. गणना करणारे लोक घरटी मोजतात आणि विष्ठेतील डीएनएवरून कोण कोण होते ते ठरवतात. रोजच्या पाहणीतील गोरिला नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखले जातात. रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमाभागातील या प्राण्यांची संख्या अशा गणनेतून १,०६३ भरली, आणि २०१८ मध्ये त्यांचा वर्ग 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा सुधारला. मुलांनी घरातल्या मांजराचे नाक किंवा गल्लीतल्या कुत्र्यांवरचे डाग रेखाटून ओळखवही करावी. वाकिटाला तर शास्त्रज्ञ मुख्यतः ऐकतात. पाण्याखालील यंत्रे त्याच्या टिकटिक आवाजाची नोंद घेतात. २०२३ च्या पाहणीत दहा ते तेरा वाकिटा दिसल्याचा अंदाज होता.

पायरी ७: एक तरी प्रत्यक्ष भेट

वर्षातून एकदा तरी मुलांना पुस्तकाबाहेर न्यावे. महाराष्ट्रात यासाठी मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव सर्वांत सोयीचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांसह येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवरही घरटी होतात. गोव्यातील मुलांना मोरजी, आगोंद आणि गालजीबाग जवळ पडतात. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. म्हणून पिल्ले पाहायची असतील, तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारावी.

जाण्याआधीच मुलांना बजावून सांगावे, की पिल्ले बाहेर आली तरच ती समुद्रात सोडली जातात. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा रिकाम्या जाऊ शकतात. किमान दोन रात्री गावातील घरात मुक्काम ठेवावा. किनाऱ्यावर विजेरी आणि फ्लॅश वापरू नये, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. पिल्लाला हात लावू नये, दोरीच्या पुढे पाऊल टाकू नये. दुर्दैवाने ही सूचना मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक वेळा द्यावी लागते. पिल्ले नसतील तेव्हा जाळीने वेढलेले अंडी उबवणी केंद्र नीट पाहावे. कोल्हे-कुत्र्यांपासून आणि अंडीचोरांपासून वाचवण्यासाठी घरटी येथे हलवलेली असतात. वाळू अधिक तापली तर माद्या आणि थंड राहिली तर नर अधिक निपजतात, हे सांगितल्यावर मुले तापमानवाढीचा अर्थ स्वतःच लावतात. परत आल्यावर नकाशावर बागेश्रीचा प्रवास आखावा: २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती.

सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याची सहल वेगळ्या कारणासाठी करावी. १९७९ मध्ये ते माळढोकासाठी घोषित झाले. आज तेथे माळढोक दिसणे फार दुर्मिळ झाले आहे. काळवीट, चंडोल आणि धाविक मात्र दिसतात. मोकळ्या माळाला पडीक जमीन म्हणण्याची आपली सवय, विजेच्या तारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडे, या तिन्ही गोष्टी तेथे उभे राहून समजावणे सोपे जाते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही, आणि जड शरीरामुळे झटकन वळताही येत नाही. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून त्याच्या संवर्धन प्रजननाचे काम चालू आहे.

परदेशातील मराठी कुटुंबांनी आपल्या जवळचा प्राणी निवडावा. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यान गाडीने गाठता येते आणि तेथे पंखांवर क्रमांकाचे बिल्ले असलेले कॉन्डॉर, म्हणजे गिधाडासारखे प्रचंड पक्षी, आकाशात शोधता येतात. १९८७ मध्ये सगळे, म्हणजे अवघे २७ कॉन्डॉर, बंदिस्त ठेवण्यात आले होते. शिकारी लोकांच्या शिशाच्या गोळ्यांमुळे होणारी विषबाधा आणि आपल्याकडच्या गिधाडांचे डायक्लोफेनॅक यांची तुलना मुलांनी अवश्य करावी. दुबई-अबुधाबीतल्या मुलांना ओरिक्स जवळ आहे. तो १९७२ च्या सुमारास निसर्गातून संपला, १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला गेला, आणि २०११ मध्ये 'असुरक्षित' वर्गापर्यंत आला. मात्र ओमानमध्ये चोरट्या शिकारीने तो पुन्हा घटला, आणि तेथील अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केल्यावर २००७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशातून वगळले, हाही भाग गाळू नये.

पायरी ८: मुलांची नोंद शास्त्रज्ञांपर्यंत

दर फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक अंगणातील पक्षीगणनेत किमान पंधरा मिनिटे एका जागी पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरता येते. खाते पालकांचे असावे. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर कॅमेरा ट्रॅपमधील छायाचित्रे ओळखून देता येतात आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नसते. लहान मुलांना झाडे-कीटक ओळखण्यासाठी सीक हे अॅप बरे. एक पथ्य कडक पाळावे: दुर्मिळ प्राण्याचे घरटे किंवा नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. पक्षी विणीवर असताना तर छायाचित्रही काढू नये.

पायरी ९: वाईट बातमी सांगण्याची रीत

कधीतरी सुदान नावाच्या गेंड्याची गोष्ट निघणारच. केनियातील ओल पेजेटा येथे १९ मार्च २०१८ रोजी उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांतील हा शेवटचा नर मरण पावला. नाजिन आणि फाटू या दोन माद्या मागे राहिल्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिंग कापलेल्या गेंड्यांची छायाचित्रे दाखवू नयेत. घटना साध्या शब्दांत सांगावी आणि प्रश्न येतील तेवढेच बोलावे. 'आता तुम्हीच त्यांना वाचवायचे आहे' असे ओझे मुलांच्या खांद्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण औषधांवर बंदी, जाळ्यांवर निर्बंध, तारा जमिनीखाली नेणे ही सगळी मोठ्यांची कामे आहेत. त्याऐवजी सायगाची आकडेवारी समोर ठेवावी. मे २०१५ मध्ये कझाकस्तानात दोन लाखांहून अधिक सायगा जिवाणूच्या संसर्गाने अवघ्या काही आठवड्यांत मेले. २०२२ मध्ये तेथे तेरा लाखांहून अधिक सायगा मोजले गेले आणि २०२३ मध्ये जात 'अतिसंकटग्रस्त'वरून थेट 'संकटसमीप' झाली. ही हकीकत संकट आणि सुधारणा दोन्ही दाखवते, आणि तिच्यात खोटा दिलासा नाही.

पायरी १०: वर्ष संपताना

शेवटच्या महिन्यात नवा प्राणी घेऊ नये. नोंदवहीतील प्रत्येक प्राण्याचा वर्ग आणि संख्या लाल यादीत पुन्हा तपासावी, बदल असेल तर जुना आकडा न खोडता त्याखाली नवा लिहावा आणि वर्ष घालावे. दुसऱ्या वर्षाची यादी मुलांनीच करावी. अट एवढीच, की निम्मे जीव तळहातावर मावतील असे असावेत. आंबोली टोड हा त्यासाठी चांगला उमेदवार आहे. सिंधुदुर्गातील आंबोलीच्या परिसरातच आढळणारा हा चिमुकला बेडूकवर्गीय जीव शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नव्या जातीचा म्हणून नोंदवला आणि तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. पावसाच्या सुरुवातीला जांभ्या दगडाच्या सड्यांवर तो दिसतो, त्यामुळे सहल जूनमध्ये ठेवावी, स्थानिक जाणकार सोबत घ्यावा, आणि रात्री सड्यावर तसेच घाटातल्या रस्त्यावर चालताना प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी विजेरीने जमीन पाहून घ्यावी.